कबुतरांच्या बुरुजावरची चतुर्थी

टॅम्पिनीस, निघण्यापूर्वी

आम्ही सिंगापुरात टॅम्पिनीसला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या ब्लॉकची लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते. माझा नवरा श्रीकांत पूर्वी या लिफ्टकडे ढुंकूनही बघत नसे. पुण्यात कॉलेजात असताना याचे शनिवार-रविवार राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगडावर जायचे. दोन वर्षांसाठी म्हणून सिंगापूरला आलो, कामाचा पास वाढत वाढत पी. आर., म्हणजे कायमचे रहिवासी झालो, मुलगा इथेच मोठा झाला, पण याचे पाय काही सपाटीला रुळले नाहीत. इथे डोंगर म्हणजे बुकित तिमाची टेकडी. तीही चालेल म्हणून हा दर रविवारी मराठी मंडळींना घेऊन ती चढायचा. पुण्याहून आणलेला एक नियम तिथेही पाळायचा: नेणारा शेवटी. पुढे कुणीही पळो, हा सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या मागे. टेकडी केवढी आणि नियम कसले, म्हणून आम्ही बायका हसायचो.

मागच्या वर्षी त्याची बायपास झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, नंतरचे व्यायामाचे धडेही झाले आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता खुशाल डोंगर चढा. घरी आल्यावर हा माणूस लिफ्टसमोर उभा राहायला लागला. मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ आलं. एम. आर. टी.चा सरकता जिना बंद असला तर हा स्टेशनातली लिफ्ट शोधत फिरायचा. रविवारची मंडळी दुसऱ्या कुणाबरोबर तरी जाऊ लागली. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही गं, कंटाळा आला." कंटाळा आणि भीती यातला फरक एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मला कळतो. हृदय दुरुस्त होऊन आलं होतं, माणूस यायचा राहिला होता.

हॉस्पिटलात बाहेर बसले असताना मी संकष्टी धरली. तोवर माझं देवाशी नातं गणपतीत मोदक आणि परीक्षेच्या दिवसांत मुलासाठी नमस्कार, एवढंच होतं. श्रीकांत चेष्टा करायचा की कापाकापी डॉक्टरांनी केली आणि श्रेय मात्र गणपतीला. मी काय मागते हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दर चतुर्थीला मी एकच मागत होते, याची भीती जाऊ दे.

फ्रान्सचं तिकीट मी काढलं. ल्वार नदीच्या खोऱ्यात गावागणिक किल्ले आहेत हे त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं. किल्ला म्हटल्यावर हा पायऱ्यांशी किती दिवस अबोला धरेल, असा माझा डाव होता. दीड दिवसाचा गणपती बादलीत विसर्जन करून झाला, पौर्णिमा उलटली आणि आम्ही निघालो. पुण्याहून वहिनींचा फोन आला की पितृपक्षात कुणी फ्रान्सला जातं का. श्रीकांत म्हणाला की आपल्या पितरांना किल्ले आवडायचे, तेही येतील.

ओदिलबाईंचं घर

विमान, आगगाडी आणि भाड्याची मोटार हा भाग मी गाळते, कारण त्यात सांगण्यासारखं एवढंच की गाडी मी चालवली आणि श्रीकांत शेजारी बसून "उजवीकडून, उजवीकडून" असा जप करत होता. सिंगापुरात आमच्याकडे गाडी नाही. गाडी घेण्याच्या नुसत्या परवान्याची किंमत ऐकूनच माणसं बसचं कार्ड काढतात. त्यामुळे मी मुळात अडाणी, त्यात रस्त्याची बाजू उलटी. चौकातल्या गोलाला मी तीन प्रदक्षिणा घातल्या, तेव्हा कुठे बाहेर पडायची वाट सापडली.

राहायचं होतं एका जुन्या शेतवाडीवर. मालकीण ओदिल, वय सत्तरीच्या पुढे, ताठ पाठ, दुखरे गुडघे, आखूड पांढरे केस. मुलं दूरच्या शहरांत. बाई एकट्या राहतात आणि दोन खोल्या पाहुण्यांना देतात. त्यांचं इंग्रजी माझ्या फ्रेंचपेक्षा बरंच बरं, म्हणजे आमचं भागायचं. फिकट दगडाचं ते घर पूर्वी कुणा छोट्या सरदाराचं होतं. अंगणाच्या कोपऱ्यात एक गोल बुरूज होता, वर टोकदार स्लेटची टोपी. शत्रूसाठी नव्हे, कबुतरांसाठी. एके काळी इथे ज्याच्याकडे जमीन त्यालाच कबुतरं पाळायचा मान, आणि जेवढी जमीन तेवढी कबुतरांची घरटी. श्रीकांतने बुरूज बाहेरून दोनदा फिरून पाहिला, दगडावर हात ठेवला, दगड मऊ आहे, नखाने उकरता येतो, असा निकाल दिला. आमच्या काळ्या पत्थरापुढे हा म्हणजे पेढा.

बाईंनी वरची खोली तयार ठेवली होती, पूर्वेला खिडकी, खाली फळबाग. जिना लाकडी, रुंद, जेमतेम एक मजल्याचा. श्रीकांतने जिन्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि खाली काही मिळेल का असं विचारलं. बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराशेजारी पूर्वी घोड्यांचं सामान ठेवायची खोली होती, तिथे पलंग होता. आम्ही तिथे राहिलो. खिडकीतून भाजीचा वाफा आणि बाईंची मांजर एवढं दिसायचं. मला वाईट वाटलं, पण मी वाफ्याचं कौतुक केलं.

पहिल्या रात्री जेवण झाल्यावर श्रीकांत सवयीने ताटं एकावर एक रचून उठला. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, खाल्लेला ट्रे परत नेऊन ठेवला नाही तर दंड होतो, त्यामुळे सिंगापूरकर स्वर्गात जेवला तरी पान उचलून विचारेल की कुठे ठेवू. बाईंनी त्याच्या हातातून ताटं काढून घेतली आणि बोटाने खुर्ची दाखवली. पाहुणा बसतो. मग चीज यायचं बाकी होतं, मग नासपती, मग कॉफी. जेवण संपलं असं आम्हाला तीन वेळा वाटलं आणि तिन्ही वेळा चुकलो.

शनोंसो

पहिला किल्ला नदीवर बांधलेला. नदीकाठी नव्हे, नदीवर. कमानींचा पूल आहे आणि पुलावर लांबलचक दालन, खालून पाणी वाहतंय. श्रीकांत बघत राहिला आणि मग म्हणाला, "याला किल्ला म्हणायचं?" तट नाही, माची नाही, चोरदरवाजा विचारावा तर प्रत्येक खिडकीच दरवाजाएवढी. शत्रू आला असता तर त्याने आधी फुलदाण्यांचं कौतुक केलं असतं, असं त्याचं म्हणणं.

खोल्याखोल्यांत ताजी फुलं ठेवतात, आणि ती बागेतलीच. हा बायकांचा किल्ला. राजाने तो आपल्या लाडकीला दिला, राजा मेल्यावर राणीने तिला हुसकून स्वतः घेतला. दोघींनी आपापली बाग केली, किल्ल्याच्या एकेका बाजूला. मी दोन्ही बागा हिंडले. लाडकीची मोठी, राणीची नीटस. सवतीमत्सरातून एवढं सुंदर काही उगवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मला सगळ्यात आवडलं ते खालचं स्वयंपाकघर. पुलाच्या खांबांच्या पोटात आहे ते. तांब्याची भांडी आकारानुसार टांगलेली, होडीतून आलेलं सामान खालून थेट आत घ्यायची सोय. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की श्रीकांतला वाटलं, मी भांडी मोजते आहे.

मग वरचे मजले. जिना सरळ, रुंद, कठड्याचा. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खालच्या दालनात काळ्या-पांढऱ्या फरश्यांच्या कडेला बाकावर बसला, माझी पर्स आणि जाकीट मांडीवर घेऊन. "तू जा, मला नदी बघू दे." मी वर गेले, फोनवर फोटो काढले, खाली येऊन त्याला दाखवले. त्याने प्रत्येक फोटो मोठा करून नीट पाहिला आणि छताच्या तुळयांबद्दल प्रश्न विचारले. मला उत्तरं येत नव्हती. तुळयांकडे बघायचं काम घरात नेहमी त्याचंच होतं.

शहाणपणाचा दुसरा धडा आम्हाला त्या दुपारी बाजारात मिळाला. चौकात कॅफे, एकच टेबल रिकामं. मी टिश्यूचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि आम्ही आत मागवायला गेलो. टिश्यू ठेवला की टेबल तुमचं, हे सिंगापुरात शेंबड्या पोरालाही कळतं. कुणी त्याला हात लावत नाही. बाहेर आलो तर तिथे एक पाच जणांचं कुटुंब बसलेलं, आणि वेटर आमच्या मागे धावत येतोय. माझं पाकीट त्याने दोन्ही हातांनी परत दिलं. बाई, हे विसरलात. त्याचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मी आभार मानले आणि आम्ही कारंज्याच्या काठावर बसून चीज आणि अंजिरं खाल्ली. अंजिरं मात्र अशी की सासवडची आठवण यावी.

शाँबोर

शाँबोरला जंगलातून जायचं. झाडी संपते आणि एकदम छपरावर उगवलेलं एक गाव दिसतं, धुराड्यांचं, मनोऱ्यांचं, कंदिलासारख्या कळसांचं. राजाने हे सगळं शिकारीसाठी बांधलं आणि राहिला अगदी थोडे दिवस. श्रीकांतला हे फार लागलं. आपल्याकडे राजे गडावर राहायचे, पावसाळे काढायचे, टाक्यातलं पाणी प्यायचे. इथे चारशेच्या वर खोल्या आणि राजा घरी नाही. इतकी मोठी शेकोटी पेटवूनही थंडी वाजत असेल, एवढीच त्याला राजाची दया आली.

या किल्ल्याच्या मधोमध प्रसिद्ध जिना आहे. एकात एक गुंफलेले दोन गोल जिने. एकातून चढणाऱ्याला दुसऱ्यातला माणूस मधल्या खिडक्यांतून दिसतो, पण दोघांची गाठ पडत नाही. श्रीकांतने याचं चित्र पुण्यात असताना एका जाड पुस्तकात पाहिलेलं होतं. गाडीत तो मला त्याबद्दल सांगत आला, पायऱ्या कशा, पोकळ खांब कसा, उजेड कुठून. मला वाटलं, आज चढणार.

जिन्याच्या तोंडाशी आम्ही उभे राहिलो. शाळेची मुलं धडाधडा वर पळत होती. त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग पाय मागे घेतला आणि बुटाची नाडी सुटली नव्हती तरी वाकून बांधली. "तू पुढे हो. मी इथूनच वर बघतो, रचना इथून जास्त चांगली दिसते." माझी पर्स त्याने स्वतःच मागून घेतली.

मी चढले. रागानेच चढले, खरं सांगायचं तर. खिडक्यांतून शेजारच्या जिन्यातली अनोळखी माणसं दिसत होती, हात हलवत होती. गच्चीवर वारा होता, जंगल थेट क्षितिजापर्यंत. एवढ्या उंचीवर मी याच्याशिवाय पहिल्यांदाच उभी होते. मला ते जंगल धड दिसलं नाही.

उतरताना गंमत झाली. खाली आले तर श्रीकांत नाही. मी थांबले, त्याला फोन लावायला गेले, तर त्याचाच फोन माझ्या हातात आहे हे ध्यानात आलं आणि कपाळावर हात मारला. फोटो काढायला मी त्याचा फोन नेला होता आणि माझा पर्समध्ये होता, म्हणजे पर्स जिथे तिथे श्रीकांत. मग माझाच नंबर लावला. कान देऊन ऐकलं तर जिन्याच्या पलीकडूनच माझ्या फोनची घंटी येत होती. मी चढले एका जिन्याने, उतरले दुसऱ्याने. तो एका तोंडाशी बसून होता, मी दुसऱ्या तोंडाशी उभी होते, मध्ये फक्त खांब. बराच वेळ आम्ही एकमेकांकडे पाठ करून वाट पाहिली होती.

चतुर्थी

दुसऱ्या दिवशी कुठेच जायचं नव्हतं. ओदिलबाईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं की उद्या संध्याकाळी साडेसातला जेवण माझ्याकडे, त्यांच्या पद्धतीचं, सावकाश. सकाळी त्या बागेतून लाल भोपळा घेऊन आल्या, गाजरं, कांद्याची पात. आम्ही दोघं शाकाहारी, अंड्यापर्यंत मजल, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्यावर बराच विचार केलेला दिसला.

नाश्त्याला ब्रिऑश होता, लोण्याचा मऊ पाव, जर्दाळूचा मुरंबा लावलेला. मी तोंडाशी नेला आणि फोन वाजला. टॅम्पिनीसच्या आमच्या बायकांचा ग्रुप. आज संकष्टी, रात्री आरतीला या, चंद्रोदय दहाच्या सुमारास. पितृपक्षाच्या नादात तिथी माझ्या डोक्यातून गेली होती. ब्रिऑश खाली ठेवला. श्रीकांतने तो उचलून खाल्ला.

आता बाईंना कसं सांगायचं. एवढा भोपळा चिरून झालेला. मी धीर करून सांगितलं की आज माझा उपास, चंद्र दिसेपर्यंत जेवता येत नाही. त्यांना आधी वाटलं माझं पोट बिघडलंय. मग समजलं. त्यांची आई इस्टरच्या आधी उपास करायची, त्यामुळे उपास काय ते त्यांना माहीत होतं. चंद्राचं मात्र नवीन होतं. किती वाजता येतो तुमचा चंद्र, त्यांनी विचारलं. मी फोनवर पाहिलं. इथे साधारण सव्वानऊ. त्यांनी भोपळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या की मग जेवण सव्वानऊला. फ्रेंच माणसाने जेवणाची वेळ बदलली, ही केवढी गोष्ट आहे हे मला चार दिवसांत कळलं होतं.

दिवसभर मी फळं खाल्ली, उकडलेले बटाटे खाल्ले. बटाट्याचा लळा फ्रेंचांना आणि आपल्या उपासाला सारखाच. चारच्या सुमारास भूक लागली तेव्हा श्रीकांतला युक्ती सुचली. सिंगापुरात आता रात्रीचे दहा, म्हणजे तिथे चंद्र उगवला. त्याने आमच्या मुलाला, निहारला, फोन लावला. निहार खाली जाऊन, ब्लॉकच्या मधल्या मोकळ्या जागेतून वर बघून त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "मून अप ऑलरेडी, आई. जस्ट ईट लाह." श्रीकांतने तो फोन मला विजयी मुद्रेने दिला. आपलं घर तिथे, तर चंद्रही तिथलाच धरायला काय हरकत. मी म्हटलं, पाय जिथे तिथला चंद्र. उपवासात युक्तिवाद चालत नाही.

साडेआठला अंधार पडला. सूप चुलीवर, टेबल मांडलेलं. तेव्हा बाईंनी अडचण सांगितली. पूर्वेला ओकचं रान आहे आणि त्यामागे चढ. अंगणात चंद्र दिसायला फार उशीर होतो. मग बुरुजाकडे हात केला. वरून मात्र लवकर दिसतो. आपण स्वतः तिथे कित्येक वर्षांत गेलेलो नाही, गुडघे ऐकत नाहीत. जिन्यात दिवा नाही.

त्यांनी किल्ली दिली. मी एका हातात पाण्याचा पेला घेतला, खिशात अंगणातलं हिरवं गवत, दूर्वा म्हणून, आणि नैवेद्याला साखरेचे दोन चौकोनी खडे. दुसऱ्या हातात फोनचा दिवा. श्रीकांत बुरुजाच्या पायथ्याशी दगडी बाकावर बसला. मी माझी शाल त्याच्या स्वाधीन केली. रोजचंच झालं होतं.

आत कबुतरांचा जुना वास होता. जिना गोल, अरुंद, पायऱ्या मधोमध झिजलेल्या, कठड्याच्या जागी भिंतीला एक दोर. हातात पेला आणि फोन असल्यावर दोर धरायचा कशाने. पहिल्या वळणावर माझा पाय आतल्या बाजूला पडला, पेल्यातलं पाणी हिंदकळलं, मी थबकले. खाली जाऊन यायचं की काय, असा विचार आला.

"बाहेरच्या भिंतीला धरून चढ. आत पायरी निमुळती आहे."

बाकावरून ओरडून सांगतोय असं मला वाटलं. पण आवाज ओरडल्यासारखा नव्हता. दोन पायऱ्या मागे होता. तोच रविवारचा, बुकित तिमाचा, सगळ्यात हळू चालणाऱ्याला सांगतानाचा आवाज.

मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला आपण कुठे आहोत ते कळलं असतं. मी बाहेरच्या भिंतीला खांदा लावला आणि पाय टाकला. तो थांबला की मीही थांबायचे, पाणी सांडतंय असं म्हणत. त्याचा श्वास मोठ्याने येत होता. माझं काळीज इतकं धडधडत होतं की बायपास माझी झाली असावी. मध्ये एकदा तो बराच वेळ थांबला. मी डोळे मिटले. मग त्याचा बूट पुन्हा दगडावर घासला.

वर गोल खोली. भिंतभर चौकोनी कोनाडे, शेकडो, रिकामे. पूर्वेला बिनकाचेची खिडकी. रानाच्या वर आभाळाचा एक तुकडा उजळ होत चालला होता. श्रीकांत भिंतीला पाठ लावून उभा राहिला. सवयीने मनगट वर नेलं, मग बाही खाली ओढली. "टेहळणीला जागा छान आहे," असं तो धापा टाकत म्हणाला. चार दिवसांत एखाद्या बांधकामाला त्याने दिलेली ही पहिली शाबासकी.

चंद्र आला. थोडा चेपलेला, तांबूस, फांद्यांमधून. मी पाणी सोडलं, गवत वाहिलं, साखर ठेवली. दर वेळी मागते ते मागायला हात जोडले आणि मागायला काही उरलं नव्हतं. मला रडू आलं. उपासामुळे झालं असं मी त्याला सांगितलं. त्याने साखरेचा खडा उचलून माझ्या तोंडात घातला आणि दुसरा आपल्या.

उतरताना तो पुढे राहिला. चढताना नेणारा शेवटी, उतरताना पहिला, म्हणजे कुणी घसरलं तर त्याच्या अंगावर. नियमाचा हा दुसरा भाग मी विसरले होते.

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. टेबलावर तीन ताटं पालथी, पाव फडक्याखाली, बाटलीचं बूचही काढलेलं नव्हतं. ओदिलबाई आमची वाट पाहत होत्या, त्यांनीही काही खाल्लं नव्हतं. चंद्र आला का, त्यांनी विचारलं. आला म्हटल्यावर त्या सूप वाढायला लागल्या. मग वाढता वाढता म्हणाल्या की लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्यांदा तिथूनच पाहिला होता. आणि आपल्या गुडघ्यावर हलकेच थापटी मारली.

श्रीकांतने चमचा खाली ठेवला. "चला," तो म्हणाला, मराठीतच. बाई हसल्या, मान हलवली, सूप गार होईल असं काहीतरी म्हणाल्या. तो उभाच राहिला. शेवटी त्यांनी कमरेचं फडकं सोडलं. त्यांचा हात धरताना टोचू नये म्हणून त्याने ते नाडीचं घड्याळ काढलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांची लोकरी शालही माझ्याकडेच दिली, पायात येईल म्हणून.

"तू जेव," तो मला म्हणाला. "उपास तुझा आहे."

दोघं अंगण ओलांडून गेले. बुरुजाचं दार करकरलं. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला, फ्रेंच बाईला स्वच्छ पुणेरी मराठीत सांगणारा, "बाहेरच्या भिंतीला धरा. सावकाश. घाई नाही." आणि त्यावर बाईंचं फ्रेंच हो, हो, "वी, वी." मग पावलं, दोन आणि थांबून पुन्हा दोन, त्यामागे त्याची.

मांडीवर बाईंची शाल, शेजारी श्रीकांतचं घड्याळ. मी पावाचा तुकडा मोडून भोपळ्याच्या सुपात बुडवला आणि खाली बसून वाट पाहू लागले.